करवंटीतला डोळा

डोळ्यांचे डॉक्टर हमीद मुकादम यांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या तीन वस्तू मी पाहिल्या आहेत. पेशंटची हनुवटी ठेवायला सागाचा टेकू. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी कोंबडा, विळा, घागर अशी चित्रं लहान-लहान होत गेलेला तक्ता. आणि नारळाची करवंटी, तिच्यात सायकलच्या ट्यूबच्या सहा पट्ट्या, सोबत दोन लाकडी डोळे : एक चेंडूसारखा गोल, एक अंड्यासारखा लांबट. कर्जतच्या दवाखान्यात तिन्ही आजही वापरात आहेत. डॉक्टरांच्या पंचाहत्तरीनिमित्त मला लिहायचं आहे ते तिसरीबद्दल.

आमची ओळख भांडणातून झाली. मी कर्जतजवळच्या चौक गावात चष्मे करतो. भिंगं घासायला कुणी शिकवलं नाही, एका मोडक्या यंत्रावर स्वतः शिकलो. बावीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझा एक चष्मा परत पाठवला : उजव्या भिंगाचा मध्य दोन मिलिमीटर सरकला आहे. मी तडक कर्जत गाठलं आणि मोजून दाखवलं की दोन नव्हे, दीड. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं.

"दीड तर दीड," ते म्हणाले. "पण सरकलाय ना रं?"

भिंग बदलून दिलं. तेव्हापासून त्यांची चिठ्ठी आली की मी मध्य तीनदा तपासतो.

माझा स्वतःचा नंबर उणे अठरा. चार वर्षांपूर्वी मला एकाचे दोन दिसू लागले. आधी लांबचं, मग जवळचंही. मला वाटलं, चष्माच चुकला. दोन्ही भिंगांचे मध्य एकेक मिलिमीटर नाकाकडे घेतले. एकच दिसू लागलं. काही महिन्यांनी पुन्हा दोन, पुन्हा नवा चष्मा. डोळा आत, नाकाकडे जातोय, असं बायको सांगत होती. मी ऐकलं नाही. माथेरानचा एक घोडेवाला चष्मा न्यायला आला, तो म्हणाला, "शेठ, माझ्याशी बोलताय का त्या टेंपोशी?" पाचव्या चष्म्यातूनही दोन दिसू लागले तेव्हा मात्र दुकानाचं काय होणार ते कळलं. ज्याला एक ठिपका दोन जागी दिसतो, त्याने दुसऱ्याच्या भिंगाचा मध्य कसा काढायचा?

पाचही चष्मे घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ते ओळीने मांडले, प्रत्येकावर शाईने मध्य टिपला, अंतरं लिहून काढली.

"चष्म्यात खोट नाय," ते म्हणाले. "वर्षभर तुझा हातच डोळ्याला पाठीशी घालतोय."

जाड भिंगाचा मध्य हलवला की उजेड वळतो, वाकड्या डोळ्यालाही एकच चित्र मिळतं आणि आजार झाकला जातो. माझ्या धंद्यातली गोष्ट, मला कळायला हवी होती.

मग करवंटी निघाली. पट्ट्या म्हणजे डोळा फिरवणारे सहा स्नायू. गोल डोळा त्यांच्यामध्ये नीट फिरला. तो काढून डॉक्टरांनी लांबट बसवला. माझ्यासारख्यांचा डोळा असाच लांब वाढलेला असतो. त्याची मागची बाजू वरच्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मधून निसटली आणि बुबुळ नाकाकडे, खाली झुकलं. सरळ कर, म्हणाले. मी ओढलं, सोडल्याबरोबर परत आत. त्यांनी दोरा घेऊन त्या दोन पट्ट्या एकमेकींना बांधल्या. बुबुळ समोर आलं.

खऱ्या डोळ्याचे स्नायू असे बांधायची शस्त्रक्रिया आपण करत नाही, हे त्यांनी तिथेच सांगितलं. ओळखीच्या सर्जनकडे मुंबईला मात्र स्वतः घेऊन गेले. ऑपरेशनला आत नेताना, डोळा गेला तर काय, असं मी विचारलं.

"मी बाहेर बाकावर हाय," ते म्हणाले. "शिव्या द्यायला माणूस लागंल ना."

आज डोळा सरळ आहे. नंबर उणे अठराच. तो जात नसतो. किंचित तिरपेपणा उरला, तेवढा चष्म्यात घेतला आहे, या वेळी त्यांच्या चिठ्ठीने.

डॉक्टरांनी शंभरी गाठावी, त्यांचा हात असाच स्थिर राहावा आणि माझे चष्मे त्यांनी तोवर परत पाठवत राहावं, एवढं मागणं आहे.

शेवटची गोष्ट त्यांनी सांगितलेली नाही, त्यांच्या कंपाउंडरकडून कळली. माझं दुकान सात आठवडे बंद होतं, तेव्हा एका नव्या शोरूमचे मालक डॉक्टरांकडे आले होते. सगळ्या चिठ्ठ्या कायम त्यांच्याकडे पाठवायच्या, एवढीच अट. डॉक्टर म्हणाले, पेशंट त्याला वाटेल तिथे जाईल, आणि चौकचं दुकान पुढच्या महिन्यात उघडणार आहे. मला एक दिसणार की दोन, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. नाकारलेली रक्कम होती महिना चाळीस हजार रुपये.