कुठलं, ते आधी विचारा

मंगळवारी सकाळी आमच्या दवाखान्यात नर्सिंगच्या वर्गाची परीक्षा झाली. तिच्या नाना तऱ्हेच्या गोष्टी आता कोल्हापूरभर फिरताहेत. म्हणून जे झालं तेवढंच लिहिते…

मी मुंबईला शिकून आले आणि गेल्या वर्षापासून इथे चार बायकांना शिकवते. शिकवणं मराठीत, पण सामानाची आणि औषधांची नावं इंग्रजीत. अडचण तिथेच होती.

चौघींकडे थोडं इंग्रजी आधीपासून होतं… घरच्या पुरुषांच्या धंद्यातून आलेलं. सगुणा आजऱ्याकडची, शेतकऱ्याघरची सून. तिचा दीर धरणाच्या कामावर मिस्त्री, त्यामुळे तिच्या लेखी 'ड्रेसिंग' म्हणजे दगड घडवणं. अमिनाचे वडील महाराजांच्या पागेत घोड्यांना नाल मारतात.

पहिल्याच आठवड्यात मी अमिनाला म्हटलं, पेशंटची नेल्स बघून ये. ती गेली, लाकडी खाटेखाली वाकली आणि परत आली. "समदे घट्ट हायत बाई. एक बी हलत न्हाय." मला नखं हवी होती, तिने खिळे तपासले होते.

आम्ही सगळ्या हसलो. मीसुद्धा.

घरी आल्यावर मात्र मला वेगळंच खटकत राहिलं. पल्स म्हणजे दवाखान्यात नाडी आणि पेठेत डाळ. चार्ज म्हणजे आमच्याकडे वॉर्डाची जबाबदारी आणि पलटणीत हल्ला… हे शिकवता येतं. पण आजारी बाईच्या खाटेचे खिळे कशाला बघायचे, हा प्रश्न अमिनाला पडला होता. तिने तो विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कारण विचारलं. म्हणाली, "मोठ्या माणसाला उलट इचारायचं असतंय व्हय, बाई?"

चौघींच्या घरी हेच. सासूने काही सांगितलं की पदर सावरायचा, व्हय म्हणायचं आणि कामाला लागायचं. कळलं नाही तर जावेला हळूच विचारायचं. दवाखान्यात विचारायला जाऊबाई नसते… म्हणून मी नियम केला. ऑर्डर नीट कळली नाही तर जागचं हलायचं नाही. कुठलं, ते आधी विचारायचं.

अमिनाला ते हळूहळू जमलं. सगुणाला काही केल्या जमेना.

परीक्षा घ्यायला सर्जनसाहेब आले होते. पास होईल तिला दवाखान्यात कायमची जागा. अमिनाला ती हवीच होती. नवरा गेल्यापासून ती मुलीला घेऊन माहेरी राहते. नापास झाली तर थोरले दीर दोघींना गडहिंग्लजला नेणार होते, आणि मुलीची शाळा बंद, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

जखम धुणं, पट्टी बांधणं… चौघींनी नीट केलं. शेवटी साहेब उठता उठता म्हणाले, "गेट द प्लास्टर रेडी."

तिघी "यस सर" म्हणून पळाल्या. सगुणा सगळ्यांत पुढे. अमिना जागची हलली नाही. "कुठलं प्लास्टर, साहेब?"

साहेबांचा चेहरा बदलला. "उलट प्रश्न करणारी नर्स मला नको." मग माझ्याकडे वळून, "हिचं नाव पासच्या यादीतून काढा."

मी लेखणी उचलली नाही. म्हटलं, "आधी तिघींना येऊ द्या."

त्या आल्या. एकीने छातीवर लावायचं राईचं प्लास्टर, म्हणजे लेप, कालवून आणलं होतं. दुसरीने चिकटपट्टी. सगुणाने मोडलेल्या हाडाभोवती लावायची पांढरी पूड आणि पाण्याची वाटी. तिन्ही वस्तू आमच्याच कपाटातल्या.

"मला चिकटपट्टी हवी होती," साहेब म्हणाले. "त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"मला वाटलं, तुम्हाला पूड हवी आहे," मी म्हटलं. खरंच वाटलं होतं.

"ते असो. शिस्तीचा प्रश्न वेगळा."

"विचारायचं हा नियम माझा आहे, साहेब. राई उघड्या जखमेवर गेली तर कातडी भाजते. विचारणं हा गुन्हा असेल तर माझं नाव काढा. अमिनाचं मी काढणार नाही." आवाज चढवला नाही.

साहेब टोपी घेऊन निघून गेले. नाव राहणार की जाणार, ते कळलंच नाही.

बाहेर व्हरांड्यात सगुणा अमिनाला म्हणत होती, "गप व्हय म्हणली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"मग मी बी तुज्यासारखी पळाली असती की… कशापायी, ते ठावं नसताना!"

बुधवारी साहेब राउंडला आले. मी चौघींनाही रोजच्यासारखं उभं केलं होतं, अमिनालाही. पाय सुजलेल्या एका म्हातारीपाशी थांबून साहेब म्हणाले, "हिला बाथ द्या."

कोणी हललं नाही. अमिना खाली बघत होती. विचारण्याची किंमत तिला कालच कळली होती. कोण विचारतं, ते मला बघायचं होतं.

आणि मग सगुणा… पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. "साहेब, कंचा बाथ? पायाचा, का समद्या अंगाचा?"

आता दोन नावं जाणार, असं मला वाटलं. साहेबांनी म्हातारीच्या पायाची सूज बोटाने दाबून बघितली. "फक्त पायांचा. कोमट पाणी, मीठ घालून." पुढच्या खाटेकडे वळता वळता माझ्याकडे न बघता म्हणाले, "अमिनाकडून करून घ्या. तिचा हात हलका आहे. नाव राहू द्या."

अमिना पाणी तापवायला गेली, ती जवळजवळ धावतच.

मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, हे चौघींना माहीत आहे. त्या दिवशी दोघींना बोलावून म्हटलं, चांगलं केलंत. इंग्रजी शब्दांचे अर्थ मी शिकवत राहीन. ते संपणारे नाहीत आणि मलाही सगळे येत नाहीत. पण साहेबांसमोर तोंड उघडण्याचं धैर्य त्यांनी स्वतःचं आणलं… त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. नियम बदलणार नाही.