तेल न विकणाऱ्या मावशी

लग्नानंतर मी बीडहून निगडीला आले, ती सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवरा कंपनीत. स्वस्त म्हणून वाणसामान मी कंपनीच्या भांडारातून आणायची. एकदा तिथलं तेल संपलं, म्हणून गावठाणातल्या एका बाईंच्या दुकानात गेले. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, मी मावशीच म्हणायची.

त्यांनी नवा डबा फोडला, दोन थेंब तळहातावर चोळून हुंगले आणि झाकण लावून टाकलं.

"हे न्हाई द्यायची. वास येगळा हाय."

"मावशी, घरात थेंब नाही हो."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. सातवा महिना होता. "जे मी खाणार न्हाई, ते तुला कसं देऊ पोरी?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकातलं तेल माझ्या किटलीत ओतलं.

पुढच्या आठवड्यात आमच्या शेजारणीचे पाय सुजले, तिला धाप लागायला लागली. तिने दुसरीकडून तसलंच तेल आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, तेलात विषारी बियांची भेसळ आहे. ती कशीबशी वाचली.

मला धडधाकट मुलगी झाली. पहिला पेढा मी मावशींच्या हातावर ठेवला आणि मला रडूच आलं.

"अगं, मी काय केलं?" त्या म्हणाल्या. "नुसतं 'न्हाई' तर म्हणलं."