भावजींचा कर्नल आणि माझा कान

झाशीत शूर माणसांची वाण कधीच नव्हती, पण स्वतःच्या धडधाकट कॉम्प्युटरचं घड्याळ स्वतःच्या हातानं काढून टाकणारा शूर या गावात एकच निपजला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर. आधी घड्याळ गेलं. मग पडद्यावरचं डोंगराचं चित्र गेलं, प्रिंटर गेला, इंटरनेट गेलं, व्हायरस येऊ नये म्हणून बसवलेला पहारेकरी गेला, आणि एक दिवस माऊसचा बाणसुद्धा गेला. उरला काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. "वहिनी, आता हा फक्त गातो," असं भावजी म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की तसा तो त्यांच्या लग्नात बघायचा माझा योग हुकला होता. हुकला, कारण त्यांनी लग्नच केलं नाही.

भावजींची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. त्या खात्याचा मोठा नियम असा, की रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनानं 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय मागच्यानं गाडी सोडायची नाही. निवृत्त झाल्यावर भावजींनी हा नियम आधी आमच्या स्वयंपाकघराला लावून पाहिला, तिथे मी लाल दिवा दाखवला, तेव्हा ते कॉम्प्युटरकडे वळले. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचं घर चालवणारी व्यवस्था, आणि त्या घरात 'सर्व्हिस' नावाची पुष्कळ मंडळी आपण न सांगता मागे काहीबाही करत असतात, हे ज्ञान मला साठी उलटल्यावर झालं. "गाणं चाललेलं असतं, आणि मध्येच यातला एक उठून विचारतो, प्रिंटर जोडलाय का? दुसरा विचारतो, नवीन काही आलंय का? अहो, तेवढ्यात सूर मळतो न!" भावजी कळवळून सांगत. मग ते एकेका सर्व्हिसला घरी पाठवत. रेल्वेत एवढी वर्षं काढून ज्यांनी कधी कुणाच्या रजेच्या अर्जावर शेरा मारला नाही, त्या माणसानं कॉम्प्युटरमधली निम्मी वस्ती उठवली.

याच सुमाराला माझा डावा कान गेला. तापाचं निमित्त झालं, ताप उतरला आणि कान घेऊन गेला. गेला तो गेला, वर जाताना आत एक शिट्टी ठेवून गेला. बारीक, सलग, रात्रंदिवस. मी घरी गाणं शिकवत असे. लष्कराच्या छावणीतल्या बंगल्यांतल्या मुली, सदर बाजारातल्या मुली, सगळ्या माझ्याकडे येत. तानपुरा लावायला बसले की ती शिट्टी नेमकी षड्जाच्या जरा वर जाऊन बसे. मग मला कळेना की तार चढलीय की मी. डॉक्टर म्हणाले, "इसके साथ जीना सीखिए." मी मुलींना हळूहळू नाही म्हणून सांगितलं, तानपुऱ्यावर गवसणी चढवली आणि तो कोपऱ्यात उभा करून ठेवला. आमच्या यांनी दोन-तीनदा विचारलं, मग तेही विचारेनासे झाले. घरात गाण्याचा विषय निघाला की मी भाजी निवडायला बसत असे.

भावजींचं मात्र भलतंच चाललं होतं. ऐकायच्या वेळी नुसता कॉम्प्युटर शांत असून त्यांचं भागेना, विजेच्या तारांतून घरातल्या इतर उपकरणांची घाण गाण्यात येते असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून रविवारी सकाळी ते आधी पंखे बंद करत, मग पाण्याची मोटर, मग दारावरची घंटा, आणि सगळ्यात शेवटी, माझा डोळा चुकवून, फ्रिज. आमच्या शेजारच्या चाची एकदा घंटा दाबून दाबून थकल्या आणि भिंतीवरून ओरडल्या, "काए बहू, सब जनें कहाँ चले गए? घरै कोऊ नइयाँ का?" घरात कुणी नाही का म्हणे! कोऊ होतं, सगळेच होते, पण पंख्याविना चिडीचूप बसले होते. गाणं संपल्यावर फ्रिज चालू करायची आठवण भावजींना वेळेवर कधीच राहिली नाही. उन्हाळ्यात दर रविवारी आमच्याकडे दूध नासे आणि दर सोमवारी कलाकंद होई. गल्लीत सगळ्यांना वाटे की या मराठी घरात सोमवारचं काही व्रत आहे. शुक्रवारी मात्र भावजी कॉम्प्युटरला हातही लावत नसत, कारण त्या दिवशी लक्ष्मी ताल नावाच्या तळ्यावर महालक्ष्मीच्या देवळाचा भोंगा चालू असतो आणि देवीला काही बंद करता येत नाही.

आणि तो कर्नल! कॉम्प्युटरच्या व्यवस्थेचा जो अगदी आतला गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. हे तुम्हा-आम्हाला आता कळलं. चाचींना कोण सांगणार? भावजी एका सकाळी अंगणातून फोनवर कुणाला तरी खणखणीत आवाजात सांगत होते, "पुराना कर्नल बहुत दखल देता था, मैंने निकाल दिया. नया डाला है, एकदम शांत है, बीच में बोलता ही नहीं." छावणीला लागून असलेल्या गावात या वाक्याचा एकच अर्थ होतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की भैयाजी दिसतात साधे, पण फौजेत त्यांचा हात फार वरपर्यंत पोचलेला आहे. दुसऱ्या दिवशी चाचींचे भाचेजावई मिठाईचा डबा घेऊन हजर. त्यांना छावणीत भाजीपुरवठ्याचं काम हवं होतं, भैयाजींनी नव्या कर्नलकडे एक शब्द टाकावा एवढीच विनंती. भावजींना वाटलं, हा आपल्यासारखाच कानाचा शौकीन. त्यांनी त्याला अर्धा तास समजावलं, "देखिए, ये कर्नल किसी की सुनता नहीं, इसीलिए तो रखा है." तो बिचारा उठताना म्हणाला, "ईमानदार अफसर है, क्या कर सकते हैं." मिठाई मात्र ठेवून गेला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून आत बसले होते. कान गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा इतकी हसले.

या सगळ्या प्रयोगांतली परीक्षक मी. का, तर भावजींच्या मते घरात सूर कळणारी मी एकटी. मी म्हणायची, "अहो भावजी, अर्ध्या कानाची परीक्षक काय कामाची?" ते म्हणत, "बसा न वहिनी, जरा वेळ." जुन्या आरामखुर्चीत मला बसवत. ती खुर्चीही त्यांनी अशी वेडीवाकडी लावलेली, की दोन्ही स्पीकर माझ्या उजव्या अंगाला येत. असेल काही शास्त्र, म्हणून मी गप्प बसे. मग ते दाराशी उभे राहून विचारत, "लाइन क्लिअर?" मी "क्लिअर" म्हटल्याशिवाय गाडी सुटत नसे. बहुतेक वेळा ते नुसता तानपुरा लावत, कुणाचा तरी छान जुळलेला, एकसारखा झरणारा. तो थांबला की पुढे येऊन तोच प्रश्न, "वहिनी, फरक पडला?"

आता या शब्दाचं थोडं सांगायला हवं. मी माहेरची साताऱ्याची. आमच्याकडे औषध घेतल्यावर विचारतात, फरक पडला का? म्हणजे बरं वाटलं का. माझ्या सासूबाईही अगदी हेच विचारायच्या. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं, पण काढा पाजून कपाळावर हात ठेवून "फरक पडला का रे?" विचारायची रीत त्यांनी इथेही सोडली नव्हती. बाकी झाशीत मात्र हिंदीतला फरक बोलतात. कोई फरक नहीं पड़ता, म्हणजे चालायचंच, कुणाला काय त्याचं. इतकी वर्षं इथे काढल्यावर माझ्याही जिभेवर हाच फरक बसला होता. मला वाटे, भावजी आवाजातल्या फरकाबद्दल विचारतायत. कालच्या आणि आजच्या तानपुऱ्यात मला काडीचा बदल जाणवत नसे, म्हणून मी आपली सांगे, "काय फरक पडतो भावजी!" ते मान हलवत, "बरं" म्हणत, आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोन सर्व्हिस घरी जात.

एका रविवारी सदर बाजारातले एक दुकानदार आले. स्पीकर, ॲम्प्लिफायर असल्या वस्तूंचा त्यांचा मोठा धंदा, आणि भावजींच्या यंत्राची कीर्ती त्यांच्या कानावर गेलेली. घरात नेहमीप्रमाणे सगळं बंद झालं. त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, लाइन क्लिअर झाली, तानपुरा सुरू झाला. मी पोह्यांच्या बशा घेऊन दाराशी थांबले, कारण मधूनच आत गेलेलं चालत नसे. दुकानदारांनी डोळे मिटले, मान डोलवली, मग कपाळाला आठी घातली, आणि उठून एका स्पीकरला कान लावला, मग दुसऱ्याला.

"भैयाजी, आवाज तो कमाल की साफ है," ते म्हणाले. "लेकिन ये क्या किया? लेफ्ट-राइट दोनों मिलाकर एक कर दिए? लोग लाखों फूँकते हैं कि दोनों कान में अलग-अलग सुनाई दे. और दोनों डिब्बे भी एक ही तरफ रख दिए!"

"सुननेवाली का एक ही कान चलता है," भावजी म्हणाले. जसं काही स्टेशनमास्तरला गाडीचा नंबर सांगावा.

"अरे, तो फिर इतनी मेहनत का फरक क्या पड़ा?"

"वही तो हर इतवार भाभीजी से पूछता हूँ," भावजी म्हणाले. "अम्मा ऐसे ही पूछती थी न, काढ़ा पिलाकर. ये कहती हैं, क्या फरक पड़ता है. तो मैं समझ जाता हूँ कि अभी आराम नहीं है. फिर थोड़ा और साफ करता हूँ. कान की सीटी तो मैं निकाल नहीं सकता, मशीन की निकाल सकता हूँ. दूसरी तरफ एकदम सन्नाटा हो, तो शायद सुर ऊपर आ जाए."

 मी हातातल्या बशा तिथेच खाली, उंबऱ्याजवळ ठेवल्या. डॉक्टर, नवरा, पोरं, सगळ्यांनी माझी समजूत घातली होती, मीही स्वतःची घातली होती, आणि हा एक माणूस समजूत घालायची सोडून, कॉम्प्युटरच्या पोटात शिरून, माझ्यासाठी शांतता करत बसला होता. मला रडू आलं आणि रागही आला. एवढी मराठी येते, तर सरळ मराठीत विचारायचं ना, कान कसा आहे म्हणून! पण सरळ विचारलं असतं तर मी भाजी निवडायला उठून गेले असते, हे त्यांना ठाऊक होतं.

दुकानदार पोहे खाऊन गेले. जाताना दाराशी मला हात जोडून म्हणाले, "भाभीजी, ऐसा सिस्टम मैं नहीं बेच सकता." भावजी काहीच घडलं नसल्यासारखे वायर गुंडाळत बसले होते. मी खुर्चीत जाऊन बसले आणि म्हटलं, "लावा परत."

"आता? दुपार झाली वहिनी, फ्रिज…"

"राहू द्या फ्रिज. लाइन क्लिअर."

तानपुरा सुरू झाला. खरं सांगते, शिट्टी काही गेली नव्हती. आजही गेलेली नाही. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्याकडे कान न देता उजवीकडून येणाऱ्या षड्जाकडे दिला, आणि तो तिथे होता. स्वच्छ, एकट्याचा, मागे कुणी खाकरत नाही, कुणी काही विचारत नाही. तो संपल्यावर भावजी पुढे आले, पण प्रश्न विचारायचं धाडस त्यांना होईना. कॉम्प्युटरचं घड्याळ काढणारे शूर ते, चष्मा पुसत उभे राहिले.

"पडला भावजी," मी म्हटलं. "फरक पडला. साताऱ्याचा फरक."

ते नुसते "अच्छा" म्हणाले आणि घाईघाईनं तोंड धुवायला गेले.

पुढच्या रविवारी सकाळी मी तानपुऱ्याची गवसणी काढली. तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. आता दर गुरुवारी दोन मुली पुन्हा शिकायला येतात. आवाज पूर्वीचा राहिलेला नाही, वरच्या सुरांना मला उजवा कान पुढे करून चाचपडावं लागतं, आणि ते आता असंच राहणार. त्या पहिल्या रविवारी मी तारा जुळवायला बसले तर भावजींची धावपळ सुरू झाली. पंखे बंद, मोटर बंद, घंटा बंद, फ्रिज बंद. मग ते कॉम्प्युटरपाशी गेले आणि उरलेली ती पांढरी ओळही त्यांनी घालवली. कॉम्प्युटरच बंद केला. एवढ्या वर्षांच्या खटाटोपातली ही शेवटची सर्व्हिस. मग माझ्या खुर्चीत स्वतः जाऊन बसले, हात मांडीवर ठेवले आणि हळूच म्हणाले, "लाइन क्लिअर, वहिनी."

त्या दिवशीही दूध नासलं. सोमवारी मी कलाकंद केला.