गोवराच्या आठवड्यातल्या ताई

अल्बनीतल्या आमच्या शेजारच्या ताई मूळच्या पुण्याच्या. वाद रंगला की चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि "चल, मुद्द्यावर ये" म्हणायच्या. थोरल्याला लसीनंतर ताप चढून फिट आली होती, म्हणून धाकट्याला त्यांनी एकही लस दिली नाही. लसीच्या सर्टिफिकेटवर 'लस दिलेली नाही' असं लिहून आणलं की इथली शाळा मूल घेते. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. मला त्यांचं हे लस न देणं अजिबात पटत नसे आणि मी तसं तोंडावर सांगायचे.

मग त्यांच्या धाकट्याच्या शाळेत गोवर आला. त्या संध्याकाळी ताई कुंपणाशीच थांबल्या.

"आत येत नाही गं. धाकट्याला आजपासून घरीच ठेवलाय."

"शाळेनं सांगितलं का?"

"सांगतीलच. पण तुझी छकुली अजून गोवराच्या लसीच्या वयाची नाही. आमच्यामुळे तिला काही व्हायला नको."

"मग टोचून आणा ना त्याला!"

"भांडू नंतर. आधी हिला आत ने."

कडेवरच्या छकुलीनं त्यांच्याकडे झेप घेतली. ताईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.