शुक्रवारी जिंकणारं पॅनेल

"मीटर खोटं बोलत नाही, मॅडम." मनोहरभाईंनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "पूरा एप्रिल बघा. टोटलमध्ये सस्तावाला पुढे. मी नाही बोलत, पॅनेल बोलतंय."

मी मोबाइल घेतला, बघितला, परत दिला. मग पुन्हा मागून घेतला. आकडे तेच होते आणि मला ते पटत नव्हते.

मनोहरभाईंचं उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये सोलरचं दुकान आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीत वंदनाताई भोईर बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती फार पूर्वी एमआयडीसीत गेली. बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर, अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये, त्यांची पत्र्याची शेड आहे. ती एका पॅकिंग कंपनीने भाड्याने घेतली आहे. आता शेडच्या छपरावर सोलर बसवायचं आणि वीज त्याच कंपनीला विकायची, असा बेत होता. त्यासाठी एक एफडी मोडायची होती. जमिनीच्या पैशातलं एवढंच उरलं होतं. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी अजून शिकते आहे. म्हणजे ही गुंतवणूक फसली तर दुसरी करायला काही नव्हतं.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. नोकरी संपल्यावर बदलापूरला घरी बसून यील्ड रिपोर्ट करते. घरी बसून म्हणायचं, पण बसणं मला कधी जमलेलं नाही. यील्ड म्हणजे उत्पन्न. अमुक छपरावर अमुक पॅनेल लावलं तर वर्षाला किती युनिट वीज येईल आणि पैसे किती वर्षांत सुटतील, ते मी लिहून देते. लोक त्यावर सही करतात. त्यामुळे आकडा पटला नाही की मला जेवण जात नाही.

मनोहरभाईंनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर, डोक्याच्या वर जाणाऱ्या लोखंडी मांडवांवर, दोन रांगा लावल्या होत्या. एक स्वस्त पॅनेलची, एक महाग पॅनेलची. दोन्हींची क्षमता सारखी, तोंड दक्षिणेला, मीटर वेगळे. गिऱ्हाइकाने स्वतः बघावं आणि ठरवावं. कल्पना चांगलीच होती. इतके कष्ट इथले दुकानदार घेत नाहीत.

"आमच्याकडे तर एवढी गरमी, मॅडम," मनोहरभाई म्हणाले. "पॅनेल फाडून काम करणार."

हे मला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं. दोष भाषेचाही आहे. आपण उजेडालाही ऊन म्हणतो आणि चटक्यालाही ऊनच म्हणतो. पॅनेलला त्यातला उजेड हवा असतो, चटका नको असतो. डब्यावर लिहिलेली क्षमता लॅबमधली असते, पॅनेल पंचवीस डिग्रीला असताना मोजलेली. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पॅनेल साठीच्या पुढे जातं. पंचविसाच्या वरची प्रत्येक डिग्री थोडी थोडी वीज खाते. महाग पॅनेलमध्ये हा तोटा कमी असतो. गरम हवेच्या गावात जास्त पैसे द्यायचे ते त्याचसाठी.

म्हणजे दुपारी, कडक चटक्यात, महाग पॅनेलने पुढे जायला हवं होतं. इथे दुपारीच स्वस्त पॅनेल पुढे जात होतं.

"मना ते ग्राफ कलत नाय," वंदनाताई म्हणाल्या. "मना येवराच सांगा मॅडम, पैसा बुरंल का?"

"स्वस्त घेतलं तर वाचेल, असं हा मोबाइल सांगतोय."

"आनि तुमी?"

"मला दोन दिवस द्या."

मनोहरभाईंचा चेहरा पडला. "साईं, शनिवारनंतर कंपनी रेट वाढवते. नंतर मला बोलू नका."

रागच आला मला. त्यांचा, त्या मोबाइलचा, आणि मी अडून बसले याचाही. काही सापडलं नाही तर मी एका बाईचा चांगला भाव घालवणार होते.

घरी येऊन मी दोन्ही मीटरचा रोजचा डेटा उतरवून घेतला. पॅनेल बसवलं त्या दिवशीच्या फोटोंत सावली तपासली. पाण्याची टाकी नाही, मोबाइल टॉवर नाही. वायरची जाडी तपासली. धूळ म्हणावी तर दोन्ही रांगा एकाच दिवशी धुतल्या जात होत्या. मी खुर्चीतून उठत होते, बाल्कनीत जात होते, परत येत होते. नवरा म्हणाला, "अगं, ते पॅनेल तुझ्या माहेरचं आहे का?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

मग मी आकडे वारांप्रमाणे मांडले. खरं तर उगाच, हाताला चाळा म्हणून. आणि उडालेच. शनिवार ते गुरुवार स्वस्त पुढे. शुक्रवारी महाग पुढे. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

सूर्य काही वार बघून उगवत नाही. पण आमच्या पट्ट्यात शुक्रवार म्हटलं की एकच गोष्ट आठवते. इथे कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. अंबरनाथ, उल्हासनगर, सगळीकडे तेच. मुंबईहून नोकरीला येणारी माणसं पहिल्या महिन्यात हमखास चुकतात, शुक्रवारी डबा घेऊन गेटवर उभी असतात. तेव्हा शुक्रवारी जे बंद असतं, तेच माझी रांग बिघडवत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी न सांगता मनोहरभाईंच्या इमारतीत गेले. दुकान तळाला, त्याच्या वर जीन्सचा कारखाना. तो त्यांच्या भाभी चालवतात. शिवलेल्या जीन्स तिथे एक धुलाई होऊन बाहेर पडतात. जिन्यातच साबणाचा आणि ओल्या कापडाचा वास येत होता. मी गच्चीचं दार ढकललं.

स्वस्त पॅनेलच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोऱ्यांवर ओल्या जीन्स लटकत होत्या. सगळ्या उलट्या केलेल्या, खिसे बाहेर. खाली लादीवर पाणी ठिबकत होतं. महाग पॅनेलच्या खाली काहीच नव्हतं, नुसता तापलेला स्लॅब.

भाभी हातात बादली घेऊन उभ्या होत्या. मला बघून दचकल्या.

"इथे का वाळत घालता?" मी विचारलं.

"तो किधर? उन्हात टाकला तर कलर उडतो ना. जीन्सला सावली पाहिजे, वारा पाहिजे. इकडे दोन्ही फुकट."

"मग त्या रांगेखाली का नाही?"

"वो जिन्यापासून लांब आहे. ओला माल किती वजनी असतो, उचलून बघा."

मी बंदुकीसारखा थर्मामीटर काढला. लांबून नेम धरला की तापमान दाखवतो. महाग पॅनेलची पाठ चांगलीच तापलेली होती. स्वस्त पॅनेलची पाठ तिच्यापेक्षा बरीच थंड. माठातलं पाणी गार का होतं, त्याचंच हे कारण. पाणी वाळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. एक लॉट वाळला की भाभी दुसरा लावत होत्या. स्वस्त पॅनेलला दिवसभर फुकटचा कूलर मिळाला होता, शुक्रवार सोडून.

मला इतकं हायसं वाटलं की मी भाभींचा हात धरला. मग वर बघितलं. एका जीन्सचा ओला पाय थेट वायरच्या जोडावर टेकला होता. पॅनेलच्या वायरमध्ये उजेड आहे तोवर करंट असतो, तो बटण दाबून बंद होत नाही. मी ती जीन्स आधी खाली ओढली, नंतर भाभींवर ओरडले. त्याही माझ्यावर ओरडल्या. आवाज ऐकून मनोहरभाई धापा टाकत वर आले.

"मी चीटिंग करतो काय, मॅडम?" सगळं ऐकल्यावर त्यांनी आधी हेच विचारलं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"नाही. पण तुमचं पॅनेल बोलत नव्हतं. जीन्स बोलत होती."

"मग जीन्स काढतो. आठवडाभर."

"किधर काढतो?" भाभी कडाडल्या. "ऑर्डर चालू आहे. माल काय तुझ्या डोक्यावर वाळवू?"

दीर-भावजयीचं पाच मिनिटं सिंधीत जुंपलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण कोण जिंकतंय ते कळत होतं. शेवटी मी म्हटलं, "दोऱ्या त्या रांगेखाली बांधा. वायरपासून हातभर लांब. ओला माल उचलायला मनोहरभाई माणूस देतील."

मनोहरभाईंनी माणूस दिला. जीन्स महाग पॅनेलखाली गेली आणि त्याच दुपारपासून महाग पॅनेल पुढे, तेही भरपूर. पुढच्या शुक्रवारी दोन्ही रांगा कोरड्या होत्या तेव्हा खरा फरक दिसला. महाग पॅनेल पुढेच होतं, पण थोडंसं. जीन्सने पडणारा फरक त्याहून मोठा होता. म्हणजे कुठल्या कंपनीचं पॅनेल घेता यापेक्षा त्याच्या पाठीला गार ठेवता की नाही, यावर जास्त वीज ठरत होती. मी मात्र पॅनेलची तुलना करायला आले होते.

मधल्या काळात शनिवार उलटून गेला होता. रेट वाढला. वंदनाताईंचा फोन आला तेव्हा मी आधी माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "वारूं दे. शेड बघायला या."

आनंदनगरला गेले. मनोहरभाईंच्या कोटेशनमध्ये पॅनेल पत्र्याला जवळजवळ चिकटून बसणार होतं, मधे दोन बोटांची फट. इथे सगळे असंच बसवतात, लोखंड वाचतं. पण खाली तापलेला पत्रा, वर तापलेलं पॅनेल, आणि वारा जायला वाट नाही. त्या छपरावर कुठलंही पॅनेल भाजून निघालं असतं. मी रिपोर्टमध्ये तीन हिशेब मांडले. महाग पॅनेल पत्र्याला चिकटून, स्वस्त पॅनेल पत्र्याला चिकटून, आणि स्वस्त पॅनेल वीतभर उंच. महाग आणि उंच, दोन्ही त्या एफडीत बसत नव्हतं. उंच केलं की पावसाळी वारा खालून उचलू बघतो, म्हणून लोखंड जाड आणि पकड जास्त. तो खर्च धरूनही पैसे सगळ्यात लवकर तिसऱ्या हिशेबात सुटत होते. वाढलेला रेटही त्यात भरून निघत होता.

वंदनाताईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे पॅनेलचा पैसा हवेला द्यायचा?"

"हवेलाच."

"देऊ मंग."

मनोहरभाईंना ते बिलकूल आवडलं नाही. "ताई, लोखंडात पैसा घालून कोण श्रीमंत झाला?" पण ऑर्डर गेली.

काम सुरू झालं त्या दिवशी मी शेडवर पोचले तेव्हा खाली फिटर आणि मनोहरभाई डोकं धरून उभे होते. वर छपरावर वंदनाताई. साडीचा पदर खोचलेला, डोक्यावर फिटरचं हेल्मेट, कमरेला त्याचाच सेफ्टी बेल्ट. पहिली रांग बसली होती. फिटरने सवयीने जुनाच आखूड सपोर्ट लावला होता. वंदनाताई पॅनेलखाली हात घालू बघत होत्या आणि त्यांच्या बांगड्या कडेला अडकत होत्या.

"हात जात नाय," त्या वरूनच म्हणाल्या. "काडा. परत बसवा."

"ताई, थोडा फरक आहे, चालतो," मनोहरभाई म्हणाले.

"कोपरापर्यंत हात गेला पायजे. मॅडमनी वीत सांगितलीय, मी हात घालून बघनार. सगल्या रांगांना."

रांग निघाली. पुन्हा बसली. त्या उन्हात त्या प्रत्येक रांगेपाशी गेल्या, वाकल्या, कोपरापर्यंत हात घातला आणि मगच पुढे सरकल्या. मला खाली उभं राहवेना. त्या पडतील अशी भीती वाटत होती आणि त्यांनी उतरू नये असंही वाटत होतं.

एक उन्हाळा त्यावर गेला आहे. युनिट माझ्या रिपोर्टपेक्षा थोडे जास्तच आले. मनोहरभाई आता इतर गिऱ्हाइकांनाही वीतभर उंचीचं कोटेशन देतात आणि त्याचं श्रेय स्वतः घेतात. घेवोत. मी आता पॅनेलची तुलना करायला गेले की आधी वाकून पॅनेलच्या खाली बघते, डेटाशीट नंतर उघडते. कोणी दोन मीटरचे आकडे दाखवले तर वार विचारते.

त्या दिवशी वंदनाताई शिडीवरून उतरल्या तेव्हा हात कोपरापर्यंत काळा झाला होता, एक बांगडी फुटली होती. मी चिडून म्हटलं, "अहो, मी होते ना तपासायला! फिटर होता. तुम्ही कशाला चढलात?"

त्यांनी फिटरचं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं.

"जमीन गेली तवा सगला बाप्यांनी बघितला," त्या म्हणाल्या. "मी आत चा करीत व्हते."

मी त्यांच्याकडून तपासणीच्या कागदावर सही घेतली. माझी त्यांच्या खाली केली.