चांगुणाचा फोटो

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. खामगावात इंद्रभानचा फोटो स्टुडिओ बरा चालत होता. पण नटूनथटून खुर्चीवर बसलेली माणसं टिपताना त्याचा जीव रमत नसे. काम उरकलं की तो कॅमेरा गळ्यात अडकवून कापूस बाजाराच्या भिंतीकडे निघे. तिथं पोतं अंथरून राहणाऱ्या माणसांजवळ टेके, बिडी देई, सुखदुःख विचारी आणि मग फोटो काढी. बायको कोकिळा म्हणायची, "घरात तुमचा पाय ठरत नाही, अन् रस्त्यावरच्या लोकायजवळ घंटाघंटा बसता."

चांगुणा त्या भिंतीशी नवीनच आलेली. पन्नाशीची, काटक. बरेच दिवस तिनं तोंड फिरवलं. मग एकदा आपणच म्हणाली, "काढा. पण मंग मले दाखवजा." आपण दुसरबीड गावची, याउपर तिनं काही सांगितलं नाही.

फोटो असा उतरला, की इंद्रभाननं तो मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. लोक थबकून बघू लागले. तिला दाखवणं मात्र राहूनच गेलं.

एक दिवस धुवट धोतरातला एक माणूस दुकानात आला. "मी उत्तमराव, दुसरबीडचा. काचेतली बाई माझी वहिनी. डोस्कं फिरलंय तिचं. कुठं सापडंल?"

आवाज गोड होता. पण बाहेर जीपमध्ये दोघं बसले होते, आणि एकाच्या मांडीवर गुरं बांधायचं दावं होतं.

"अकोल्याच्या गाडीत बसताना पाह्यलं तिले," इंद्रभान म्हणाला. जीप वळताच तो मागच्या दारानं पळत सुटला.

चांगुणानं सगळं ऐकलं. पोत्याची घडी घालत म्हणाली, "नवरा गेल्यावर मी वावर सोडंना, म्हून गोठ्यात बांधलं मले. येडी म्हणलं की कोणी इचारत नाही. इथं कोणाले ठावं नव्हतो मी. तुमी साऱ्या गावाले दाखवलं."

"मले वाटलं, लोकायनं पाहावं..."

"अन् मले?"

त्यानं खिशातून लहान प्रत काढली. ती बराच वेळ बघत राहिली. "मायवानी दिसतो मी," म्हणाली. फोटो कनवटीला खोचून जलंबच्या रस्त्याला लागली. तो मागोमाग नाक्यापर्यंत गेला, तशी थांबली. "वापस जा. तुमच्या मागं लोक येतात."

काचेतला फोटो त्यानं त्याच संध्याकाळी उतरवला. तरी चैन पडेना. गिऱ्हाईक बसवून ठेवून तो स्टेशन गाठे. कधी जलंब, कधी शेगाव, फलाटावरचे चेहरे न्याहाळत फिरे. कोकिळानं विचारणं सोडून दिलं.

चैत्रात मलकापूरला, मिरचीच्या ढिगाशी देठ खुडणाऱ्या बायांत ती दिसली. तिनंही त्याला पाहिलं. पदर तोंडावर ओढला, हात थांबले नाहीत. आजूबाजूच्या बाया कशावर तरी हसत होत्या. तो जवळ गेला नाही.

परतीच्या गाडीत जागा भरपूर होती. त्याला बसवेना. तो दारातच उभा राहिला.