माझ्या नाटकातला बाप

पहिली एकांकिका लिहून झाली तेव्हा मला एकच काळजी होती, सत्काराच्या वेळी काय बोलायचं याची. एकांकिका कशी झाली आहे याची काळजी नव्हती. ती थोरच झाली होती. आमच्या शहराच्या कॅम्प भागातल्या एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये तरुणांनी स्वतः लिहिलेल्या एकांकिकांचा महोत्सव होणार होता आणि त्यात माझी निवड झाली होती. त्या दिवसापासून मी खांद्याला शबनम अडकवून फिरू लागले. तिच्यात डबा आणि छत्री असायची, पण चेहरा मी असा ठेवायचे की आत दुसरी एकांकिका आहे असं वाटावं.

आम्ही वडगावचे, म्हणजे शहराच्या विणकर वस्तीतले. पुढच्या खोलीत चार पॉवरलूम, मागच्या खोलीत आम्ही. माग सुरू झाले की तोंडानं बोलण्याचा प्रश्नच नसतो. आई कांड्यांवर सूत भरता भरता नुसते ओठ हलवते आणि पलीकडच्या मागावरून आप्पा ओळखतात की साखर संपली आहे. त्यांची भांडणंही अशीच, बिनआवाजाची. लहानपणी माझी यात मोठी गैरसोय व्हायची. बाकीच्या घरांत पोरं तोंडातल्या तोंडात पुटपुटून सुटतात. माझ्यावर आप्पा खोलीच्या त्या टोकावरून बोट उगारायचे.

पण हे ओठांवरचं बोलणं कांडी आण, चहा ठेव, माणूस आलंय, एवढ्याच कामाचं. मनातलं कुणी असं बोलत नाही. करंट गेला की माग थांबतात, आणि मग सगळी गल्ली कट्ट्यावर येऊन साठवलेलं बोलून घेते. आप्पाही त्यात. म्हणजे त्यांना एकटं गाठून काही सांगावं अशी वेळ आमच्याकडं उगवतच नाही. आणि मला तर सांगायचं होतं. पुण्यात नाटक शिकायला मला प्रवेश मिळाला होता, होकार कळवायची मुदत महोत्सवानंतर लगेच संपत होती, आणि आप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

एखाद्या शहाण्या मुलीनं चहा देताना सांगून टाकलं असतं. मी त्यासाठी एकांकिका लिहिली.

तिच्यात शिकायला बाहेर पडू बघणारी विणकराची मुलगी होती आणि तिला अडवणारा बाप होता. हा वडगावचा बाप उठता बसता 'प्रतारणा' म्हणायचा. मुलगी त्याला 'बाबा' म्हणायची. आमच्या गल्लीत कुणाचाच बाप बाबा नाही, सगळे आप्पा नाहीतर अण्णा. पण आप्पा म्हटलं की शोकांतिका होत नाही, असं माझं मत होतं. मुलीचं काम मी स्वतःकडंच ठेवलं, कारण एवढी खोली दुसऱ्या कुणाला पेलली नसती. बापाचं काम वर्गातल्या एका मुलाला दिलं. त्यानं माग कधी बघितला नव्हता, पण त्याला मिशी चांगली चिकटायची. आमचा दिग्दर्शक एकदा चाचरत म्हणाला, "भाषा जरा जड होतेय का?" मी त्याची कीव केली.

त्या सगळ्यात एकच गोष्ट खरी होती, आवाज. घरचे चारही माग चालू असताना मी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं. तो आवाज एकांकिकाभर मागं चालायचा आणि शेवटी एकदम थांबायचा. त्या शांततेत मुलगी म्हणणार होती, "बाबा, क्षितिजापलीकडची एक हाक मला अस्वस्थ करते आहे." हे वाक्य आप्पांच्या कानावर पडावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

महोत्सवाच्या दुपारी आप्पांनी माग बंद ठेवले. त्यांचं बघून गल्लीतल्या बऱ्याच जणांनी ठेवले, आणि हॉलची डावी बाजू आमच्याच माणसांनी भरली. आमच्या आधी निपाणीच्या मुलांची एकांकिका होती, तंबाखूच्या वखारीतली. त्यांनी खरा तंबाखू आणला होता, त्यामुळं मरणाच्या प्रसंगाला पुढच्या रांगा शिंकत होत्या. मी विंगेत उभी राहून मनात म्हटलं, हौशी लोक.

मग आमची सुरू झाली. मागांचा आवाज आला तशा उजवीकडच्या कॅम्पातल्या लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. आमची गल्ली मात्र सैलावली. शेजारच्या आक्कांनी पाय वर घेतले, दोन-तीन पोरं आयांच्या मांडीवर झोपून गेली. मला वाटलं, रंगले सगळे.

शेवटी आवाज थांबला. मी श्वास घेतला, आणि आमची गल्ली बोलायला लागली.

माग थांबले की बोलायचं, ही जन्माची सवय. त्यात तो आवाज आमच्याच घरचा. "न्हाय गं, परवाच आलता त्यो," आक्का मागच्या रांगेला सांगत होत्या. पोरं जागी होऊन रडायला लागली, कारण आमच्याकडची पोरं आवाज बंद पडला की उठतात. दोघं तर वारा घ्यायला दाराकडं निघाले. उजवीकडून शू शू सुरू झालं, त्याची आणखी भर.

मी "बाबा, क्षितिजा" पर्यंत गेले. माझंच मला ऐकू येईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. असा राग आला की शबनम फेकून मारावी. आणि मग घरच्या सवयीनं मी आवाजाचा नादच सोडला. मिशीवाल्या बापाकडं पाठ केली आणि तिसऱ्या रांगेत बघितलं. सगळ्या गल्लीत आप्पा तेवढे गप्प बसून माझ्याकडं बघत होते. मी ओठ मोठे करून, आवाज न काढता म्हटलं, "आप्पा, मला पुण्याला जायाचं हाय. शिकायला."

आप्पा पुढं वाकले. मग त्यांचे ओठ हलले.

"कवा?"

हे मी लिहिलं नव्हतं. माझ्या संहितेत बाप इथून पुढं दीड पान नकार देतो. तो पाठीमागं द्यायलाही लागला होता, मिशी सावरत "हे त्रिवार अशक्य आहे" म्हणत होता. मी आप्पांना सांगितलं, पुढच्या महिन्यात. त्यांनी मान हलवली. शेजारणीशी बोलण्यात गुंतलेली आई आता त्यांना कोपरानं ढोसून विचारत होती, काय म्हणालीय? मला रडू फुटलं आणि आवरेना. परीक्षकांनी नंतर त्या रडण्याचं फार कौतुक केलं. बक्षीस मात्र निपाणीच्या तंबाखूला गेलं.

घरी आल्या आल्या आप्पांनी माग सुरू केले. दुपारचं काम राहिलं होतं. मी आईशेजारी कांड्या भरायला बसले. थोड्या वेळानं आप्पांनी हात वर करून माझं लक्ष वेधलं आणि त्या खटखटाटातून, पलीकडच्या मागावरून, ओठांनी विचारलं, "त्यो नाटकातला बाप कोण गं? लई वाईट हुता."

मी कानाला हात लावून, ऐकू येत नाही, अशी खूण केली. आमच्या घरात ही खूण आजवर कुणी कुणाला केलेली नव्हती. आप्पा हसले आणि पुढच्या मागाकडं गेले.